कासाच्या बाजाराला जाणारी तुतारी

पक्षी जीपमध्ये बसून प्रवास करतो आहे, हे प्रगतीला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट कळायला अंमळ उशीरच लागतो, आणि प्रगती तर एम.एस्सी. होऊन पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात पोचली होती. तिला जवळजवळ महिना लागला.

तलासरी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या एका पाड्यावरची ही मुलगी. त्या पाड्यावर एवढं शिकलेलं तिच्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे ती नेमकं काय शिकते याची सगळ्यांना मोठी उत्सुकता. डहाणूच्या खाडीत चिखलात बसते आणि पाखरं बघते, हे उत्तर वडिलांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "ते तर आपला काकड्या पण करतो. त्याला कोणी डॉक्टर नाय म्हणत." काकड्या म्हणजे पाड्यावरचा नामांकित आळशी. तेव्हापासून प्रगतीने घरी अभ्यासाचा विषय काढणं सोडून दिलं.

ज्या पाखराच्या मागे ती लागली होती, ते मात्र मागे लागण्यासारखंच होतं. बाकचोच तुतारी. मुठीत मावेल एवढी, वजन साठ ग्रॅम, म्हणजे घोलवडचा एखादा बरा चिकूसुद्धा तिच्यापेक्षा जड भरेल. लांब चोच टोकाशी खाली वाकलेली. हिवाळाभर राखाडी कपड्यात चिखलावर टोचे मारत हिंडते, कोणी ढुंकूनही बघत नाही. मार्च संपत आला की तिच्यात फरक पडतो. छाती-पोट जुन्या कौलासारखं लाल होतं, खाणं दुप्पट होतं, अंगावर चरबी चढते, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी अख्खा थवा उठून सैबेरियाच्या पार उत्तर टोकाला निघतो. सहा-सात हजार किलोमीटर. तिथे जूनमध्ये बर्फ वितळतं, सूर्य मावळायचं नाव घेत नाही आणि डास इतके की विचारू नका. त्या दीड-दोन महिन्यांत लग्न, अंडी, पिल्लं, सगळं उरकायचं आणि ऑगस्टात पुन्हा डहाणूच्या चिखलात हजर व्हायचं. आपल्याकडे एवढ्या वेळात मांडववाल्याशी बोलणी पूर्ण होत नाहीत.

पण डहाणूची तुतारी तिकडे जाते कुठल्या वाटेने, थांबते कुठे, हे कोणी पाहिलं नव्हतं. ते प्रगती दाखवणार होती. त्यासाठी तिच्या मार्गदर्शकांनी, मुंबईच्या चुरी सरांनी, खटपट करून तीन डब्या मिळवल्या होत्या. डबी म्हणजे नखापेक्षा जरा मोठा चौकोन, वर काचेचा तुकडा, मागे केसासारखी तार. वजन दोन ग्रॅम. पाखराच्या कमरेवर बारीक दोऱ्याने बांधायची. ऊन मिळालं की ती आकाशातल्या उपग्रहाला सांगते, मी इथे आहे, आणि संगणकावरच्या नकाशात एक लाल ठिपका उमटतो. पहिली डबी बांधलेलं पाखरू कच्छच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन गप्प झालं. दुसरं ससाण्याने उचललं. उरली तिसरी. तिच्या मालकिणीच्या पायात पिवळी पट्टी होती आणि पट्टीवर इंग्रजीत के आणि सात. या एका के-सातच्या जिवावर प्रगतीचा अख्खा प्रबंध उभा होता. नाव नोंदवून चार वर्षं होत आली होती, चौथी डबी मिळणार नव्हती, आणि वाटेचा नकाशा नसेल तर प्रबंधात लिहायला चिखलाशिवाय काही नव्हतं.

फेब्रुवारी आणि मार्च के-सात गुणी बाळासारखी खाडीवर राहिली. एप्रिलच्या दोन तारखेला ठिपका उमटला तो थेट घोलवडला, चिकूच्या वाडीत.

"चिकूच्या झाडाखाली किडे असतात," चुरी सर फोनवर म्हणाले. सरांचा आवाज मुळातच मोठा, त्यात आनंद झाला की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. "प्रगती, हे नवीन आहे! किनाऱ्यावरचा पक्षी बागेत! कोणी नोंदवलेलं नाही हे!"

"सर, चिखलातला पक्षी आहे तो. झाडाखाली कशाला जाईल?"

"तेच तर शोधायचंय!"

पुढचे तीन दिवस ठिपका सरावलीत एका घराच्या मागच्या अंगणात होता. मग तो चारोटी नाक्यावर गेला. तिथून कासाला. कासाला बाजाराच्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी दोन. पुढच्या आठवड्यात पुन्हा कासा, पुन्हा बाजाराचाच दिवस, पुन्हा नऊ ते दोन. मध्ये एकदा कासाच्या ग्रामीण रुग्णालयात दीड तास.

"आजारी असेल का ग?" सरांनी विचारलं. मग त्यांचं त्यांनाच वाटलं की आपण काहीतरी भलतंच बोललो, आणि ते म्हणाले, "म्हणजे, रुग्णालयाच्या आवारात पाण्याचं डबकं वगैरे असेल."

आठवड्याभरात सरांनी सिद्धान्तच मांडला. तुतारी दर सात दिवसांनी किनारा सोडून आत जाते, असा तो सिद्धान्त. त्याला त्यांनी ‘साप्ताहिक आंतरदेशीय भटकंती’ असं भारदस्त नाव दिलं आणि जूनमधल्या एका परिषदेला तसा गोषवारा धाडूनही दिला. खाली दोन नावं, सरांचं आणि प्रगतीचं. सर माणूस लाखातला, पण एकदा बैल उधळला की आवरायचा कोणी?

प्रगतीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. एका दुपारी ती डहाणूच्या आपल्या भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसून ठिपके चाळत होती. के-सात चारोटी नाक्यावर चाळीस मिनिटं एका जागी होती. मग एकदम निघाली ती रस्त्याच्या रेषेवरून, एकही वळण न चुकवता, ताशी पन्नासच्या वेगाने. प्रगतीने मागचा आठवडा काढला. चारोटीला पस्तीस मिनिटं. त्याच्या मागच्या आठवड्यात पंचावन्न.

चारोटीच्या नाक्यावर माणूस पाऊण तास कशासाठी उभा राहतो, हे तलासरीच्या मुलीला कोणी शिकवायला नको. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. प्रगतीचं निम्मं कॉलेज त्या वाट पाहण्यात गेलं होतं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. डबी जीपने फिरते आहे, याचा अर्थ डबी पाखराच्या अंगावर नाही. आणि अंगावर नसेल, तर पाखरू कुठे आहे? उत्तर एकच सुचत होतं, आणि त्याला कांदा-मसाल्याचा वास येत होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी ती चारोटीला गेली. कासाकडे जाणाऱ्या जीपच्या बॉनेटला टेकून नविन नावाचा ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता. प्रगतीने पिशवीतून नकाशा काढला, त्यावर तारखा होत्या, वेळा होत्या, वेगाचा तक्ता होता. ती समजावून सांगू लागली, "दादा, असं कोणी तुमच्या गाडीत बसतं का, जे आधी घोलवडच्या वाडीत जातं, मग सरावलीला राहतं, बाजाराला कासाला येतं, आणि मागे एकदा दवाखान्यात..."

"सुकीआजी," नविन म्हणाला. त्याने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "घोलवडला चिकू निवडायला जाते, सरावलीत लेक दिलीय, गुडघा दुखतो. पुढच्या सीटशिवाय बसत नाय. आजची जीप तिला घेऊन आत्ताच गेली."

उपग्रहाला जे महिनाभर जमलं नाही ते नविनने तंबाखूची चिमूट तोंडात टाकायच्या आत सांगून टाकलं.

कासाच्या बाजारात सुकी सापडायला वेळ लागला नाही. एका भिंतीच्या कडेला, ताडगोळ्यांची टोपली पुढ्यात घेऊन ती बसली होती. लहान चणीची, काटक म्हातारी. मांडीवर वर्तमानपत्रात गरम भजी. शेजारी डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची चुंबळ, आणि चुंबळीच्या वरच्या अंगाला, सगळ्या जगाला दिसेल अशी, दोऱ्याने शिवलेली ती डबी. काच उन्हात चमकत होती.

प्रगती तिच्यासमोर उकिडवी बसली. "आजी, ही डबी..."

"तुझी हाय?"

"हो, माझी आहे."

"खोटं," सुकी भजं चावत म्हणाली. "ही पाखराची हाय."

प्रगतीला हसावं की रडावं कळेना. "त्या पाखराचं काय केलंत, आजी? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"काय करीन?" सुकीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला काय वाटलं, खाल्लं? एवढंसं पाखरू! दाताला तरी लागंल का?" मग तिला एकदम संशय आला. "तुझं म्हणतीस तर सांग, पायात काय होतं?"

"पिवळी पट्टी."

"पट्टीवर?"

"के सात."

"ते मना काय कळतंय? काढून दाखव."

प्रगतीने बोटाने मातीत के काढला, सात काढला. सुकीने मान वाकडी करून दोन्ही खुणा नीट पारखल्या. हातातलं भजं तिने कागदावर ठेवलं, बोटं लुगड्याला पुसली आणि मग सगळं सांगितलं.

मार्चच्या अखेरीला ती लेकीकडे आली होती. ओहोटीला शिंपले काढायला खाडीवर गेली, तर खारफुटीच्या मुळांत जुनं फाटकं जाळं अडकलेलं, आणि जाळ्यात हे पाखरू. तिने ते सोडवलं. सोडवताना बघते तर पाठीवर ओझं.

"तू कठली?" सुकीने मध्येच विचारलं.

"तलासरीकडची. उधव्याच्या बाजूला पाडा आहे आमचा."

"मंग तुला काय सांगायचं? डोक्यावर मोळी घेऊन माणूस समोर आलं, दमलंय, खाली ठेवायचं म्हणतंय, तर तू काय करशील?"

"हात लावीन."

"का?"

"एकट्याला उतरवता येत नाही म्हणून." हे सांगताना प्रगतीला तिच्या आईचं मोळी घेऊन येणं आठवलं. आई झाडाखाली थांबायची, आणि वाटेवरचं कोणीही, ओळखीचं असो नसो, पुढे होऊन हात लावायचं. न लावता पुढे जाणाऱ्याचं नाव पाड्यावर वर्षभर निघत असे.

"त्या पाखराला हातच नाय," सुकी म्हणाली. "कसं उतरवंल? इळ्याच्या टोकानं दोरा कापला, ओझं खाली घेतलं. भुर्र गेलं. मना वाटलं, घटकाभर दम खाईल, येईल न्यायला. आलंच नाय. मंग काय, दुसऱ्याचं ओझं टाकून जाऊ? घेतलं बरोबर. लपवून ठेवलं तर चोरी म्हणतील, म्हणून वर लावलं, मालकाला दिसंल असं. महिना झाला, रोज डोक्यावर घेऊन हिंडतेय बाय!"

म्हणून डबीला ऊन मिळत होतं. सुकीने ती कमरेच्या पिशवीत टाकली असती तर ठिपके बंद झाले असते, सरांचा सिद्धान्त जन्मालाच आला नसता आणि प्रगतीही कधी कासाला आली नसती.

प्रगतीने मग डबीचं काम सांगितलं. पाखरू कुठे जातं तेही सांगितलं. सुकीचा बाजारातला एक शेजारी ताडगोळे सोडून ऐकायला सरकला. अंडी घालून झाली की नवरा लगेच परत निघतो, हे ऐकून सुकी म्हणाली, "तिकडं पण तसंच का?" पिल्लं उडायच्या सुमाराला आईसुद्धा निघते आणि पिल्लं मागून, वाट दाखवायला कोणी नसताना, पहिल्यांदाच एवढ्या लांब येतात, हे ऐकताना मात्र तिने भज्यांचा कागद गुंडाळून बाजूला ठेवला.

"आणि तू तिच्या पाठीवर ओझं बांधलंस," ती शेवटी म्हणाली.

"फार नाही, आजी. साठाला दोन. तुमचं वजन किती?"

"दवाखान्यात बेचाळीस भरलं."

"मग तुमच्या हिशेबाने दीड किलोसुद्धा नाही."

सुकीने डोळे मोठे केले. वीस किलोची मोळी घेऊन डोंगर उतरलेली बाई ती. "दीड किलो? याला ओझं म्हणतात? एवढं तर मी पदराला बांधून इसरते!" तिचा चेहरा पडला. "मंग मी उगाच उतरवलं की. कामाला निघालेली बाई, मी मध्येच तिचं काम काढून घेतलं."

"जाऊ दे, आजी. आता काय..."

"जाऊ दे कसं?" सुकी ताडगोळे टोपलीत भरायला लागली. "ज्यानं उतरवलं त्यानंच चढवून द्यायचं असतं. आईनं शिकवलं नाय? पाखरू अजून खाडीवर हाय. परवा बघितलं मी, तीच पिवळी पट्टी, लाल झालंय. चल."

के-सात जिवंत होती आणि अजून गेली नव्हती. एप्रिल संपायला तीन दिवस होते, थवा कधीही उठला असता, पण तोवर ती हाती लागली तर डबी पुन्हा चढवता येणार होती. प्रबंध वाचणार होता.

पुढचे दोन दिवस प्रगतीने खाडीवर शास्त्रीय पद्धतीने जाळी लावली. त्यांत एक खेकडा, एक दुधाची रिकामी पिशवी आणि स्वतः प्रगती एकदा, एवढे जीव सापडले. सुकी लांब बांधावर बसून शिंपले फोडत हे सगळं पाहत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "झालं तुझं शिक्षण? आता मी लावू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फासे आणले. नायलॉनच्या बारीक दोऱ्याचे, बांबूच्या काडीला ओळीने बांधलेले. लहानपणी आपल्या बापाबरोबर ती शेतात लाव्ही पाखरं धरायची, तेच हे फासे. वनखात्याचा परवाना प्रगतीच्या नावावर होता, हात सुकीचा होता. काड्या तिने पाण्याच्या कडेशी चिखलात अशा दडवल्या की प्रगतीला स्वतःला दिसेनात. मग दोघी मागे जाऊन खारफुटीच्या आडोशाला बसल्या. पाणी चढायला लागलं तशा तुताऱ्या चिखलाच्या उरलेल्या पट्टीवर गोळा होऊ लागल्या, शे-दीडशे, सगळ्या कौलासारख्या लाल, धावत, टोचत, एकमेकींना ढकलत. दुर्बिणीतून प्रगतीने पायच पाय पाहिले. एक पिवळी पट्टी चमकली. के-सात.

"ती बघा, आजी, डावीकडून..."

"गप. तिला कळतंय."

पाऊण तासाने के-सात दोन पावलं पुढे आली, तिसरं टाकलं, आणि फडफडली. थवा एका झटक्यात उडाला. सुकी दुखरा गुडघा विसरून चिखलातून अशी धावली की प्रगती मागेच राहिली. तिने फास सैल केला, पाखराच्या डोक्यावर पदर टाकला आणि ते प्रगतीच्या हातात दिलं.

ते ऊबदार होतं. काळीज इतकं भराभर उडत होतं की वेगळे ठोके जाणवत नव्हते, नुसता थरथराट. प्रगतीने वजन केलं, ब्याऐंशी ग्रॅम. भरपूर चरबी, निघायची पुरी तयारी. सुकीने चुंबळीवरचा दोरा दाताने तोडून डबी मोकळी केली आणि ती दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

प्रगतीने नवा दोरा काढला आणि जागा बघायला कमरेवरची पिसं फुंकरीने बाजूला केली. फुंकर मारली आणि ती थबकली. आधीचा दोरा जिथे बसला होता तिथे, दोन्ही मांड्यांच्या वर, पिसं नव्हती. गुलाबी, नवी, पातळ कातडी होती. नुकतीच भरून आलेली जखम. पुन्हा पुन्हा घासून सोललेली, आणि महिनाभर दोरा नव्हता म्हणून बरी झालेली.

साठाला दोन. नियमात बसत होतं, वनखात्याने मान्य केलं होतं, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिने स्वतः लिहिलं होतं की या वजनाचा पक्ष्याला त्रास होत नाही.

"बांध की," सुकी म्हणाली. "हे घे. नाय तर मीच चढवते, माझंच काम हाय ते."

"नको, आजी."

"नको?"

"इथं बघा."

सुकीने वाकून पाहिलं. जवळचं तिला धूसर दिसायचं, पण ते तिला दिसलं. तरीही ती मागे हटली नाही. "मंग दुसऱ्या जागी बांध. महिनाभर सांभाळलंय मी हे. सरावलीला नेलं, दवाखान्यात नेलं. ओझं चढवल्याबिगर मी मोकळी कशी होणार?"

"तिचं नव्हतंच ते ओझं," प्रगती म्हणाली. "माझं होतं. मी तिच्यावर घातलं होतं."

पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं होतं. प्रगतीला चार वर्षं दिसत होती, तीन डब्या, सर, वडील, काकड्या. बांधायला दहा मिनिटं पुरली असती. तिला ते बांधायचं होतं, खरंच बांधायचं होतं, आणि हातातला थरथराट तिला बांधू देत नव्हता. तिने ओंजळ उघडली. के-सात क्षणभर तळहातावर तशीच बसली, जणू कोणी सांगितल्याशिवाय जायचं नसतं, आणि मग पाण्यावरून खालून खालून उडत थव्याकडे गेली.

"म्हणजे हे तुझं," सुकी म्हणाली.

"हो."

"मंग आधी सांगायचं ना. वाक."

प्रगती वाकली. सुकीने ती नखाएवढी डबी दोन्ही हातांनी, वीस किलोची मोळी उचलावी तशी, "हं!" करून उचलली आणि प्रगतीच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ठेवली. नीट बसली का पाहिलं. मग हात झटकले, "आता माझं झालं," म्हणाली, आणि शिंपल्यांची टोपली उचलून सरावलीच्या रस्त्याला लागली. प्रगती एक हात डोक्यावर धरून बांधापर्यंत चिखलातून चालत आली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला तिला दुसरा हात मोकळा नव्हता, कारण त्यात तराजू होता.

मेच्या चार तारखेला संध्याकाळी थवा उठला. प्रगती बांधावर होती. दीडशे पाखरं एकदम वर चढली, इतकी उंच की खाडीवर फिरताना ती एवढं वर कधीच जात नाहीत, आणि समुद्रावरून वायव्येला गेली. त्यांत के-सात होती की नाही, दुर्बिणीतून कळलं नाही.

खोलीवर येऊन तिने दार उघडलं, तोच फोन वाजला.

"प्रगती!" सर ओरडत होते. "अगं, ती तुझ्या घरात आहे! दुपारपासून! ठिपका तुझ्या खोलीवर आहे! खिडकीत बघ, हळूच बघ, दचकवू नकोस तिला!"

डबी त्या दुपारी पिशवीतून काढून ठेवली होती तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या बाटलीशेजारी पडली होती. प्रगती खुर्चीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. घोलवड, सरावली, चारोटीची जीप, रुग्णालय, गुडघा, फासे. सर एकदाही मध्ये बोलले नाहीत, हे त्यांच्या बाबतीत आक्रीतच होतं.

"म्हणजे कासाला," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "दर आठवड्याला, नऊ ते दोन, ती काय खात होती?"

"भजी, सर."

"मी गोषवारा पाठवलाय ग," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"उद्या मागे घेतो." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण परत सापडली होती ना? हातात आली होती. मग बांधली का नाहीस? अख्खी वाट मिळाली असती आपल्याला."

"सर, दोऱ्याने तिची कातडी सोलली होती. मी बांधलेल्या दोऱ्याने."

"बांधताना मी तिथेच उभा होतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज प्रगतीने एवढा लहान कधी ऐकला नव्हता. "तू सैल ठेवला होतास. पहिल्या दोन गेल्या, ही जायला नको, घट्ट कर, असं मीच म्हटलं होतं तुला."

प्रगतीला ते आठवत होतं. तिने ते सरांना सांगितलं नसतं.

"गेली का ती?" सरांनी विचारलं.

"आज संध्याकाळी गेल्या सगळ्या."

"कुठे?"

"माहीत नाही, सर," प्रगती म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा हे उत्तर देताना तिला लाज वाटली नाही.